जुना अँगलपॉइज १२२७: दुरुस्तीनंतर काही महिने रोज वापरून

दुरुस्त केलेला हा दिवा, म्हणजे स्प्रिंगांच्या दांड्याचा जुना टेबल लॅम्प, काही महिने रोज कामाच्या टेबलावर आहे. एका बोटाने ढकलावा आणि सोडाल तिथे तो थांबावा, हे आजही तसंच चालू आहे. हे काम स्प्रिंगांचं आहे, नटांचं नाही. दांडा खाली यायला लागला की बरेच जण पाना घेऊन नट आवळतात. त्याने वॉशर चिरडतात, सांधे जड होतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

या दिव्याची रचना करणारे जॉर्ज कार्वर्डाइन हे मोटारींच्या सस्पेन्शनचे इंजिनिअर. १९३२च्या त्यांच्या पेटंटचं सार एवढंच, की दांड्याचं वजन स्प्रिंगच्या ताणाने तोलायचं. तीन स्प्रिंगांचा १२२७ हर्बर्ट टेरी या स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीने १९३५मध्ये आणला. पाया तीन पायऱ्यांचा असेल तर दिवा सुरुवातीच्या काळातला. दोन पायऱ्यांचा पाया १९३८पासूनचा.

विकत घेताना आधी स्प्रिंगा बघा. ताण नसताना वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत. मध्ये फट दिसली तर ती स्प्रिंग ताणून गेलेली आहे. एकच बदलू नका, तिन्ही एकदम बदला, नाहीतर ताण असमान राहून दांडा एका बाजूला ओढला जातो. काढताना हुकात जाड दोरी अडकवून ओढा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. सुटलेली स्प्रिंग जोरात उडते.

खरी मेहनत वायरिंगची. जुन्या वायरचं रबर वाकवलं की तडकतं, म्हणून ती पूर्ण बदलायचीच. ०.७५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची लवचिक वायर घ्या आणि प्रत्येक सांध्यापाशी थोडी सैल ठेवा. दांडा पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन ती ताणली जात नाही ना, हे बघा. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची कडी) हवंच. जुन्या दिव्यांत बऱ्याचदा दोनच तारा असतात, पण अंग धातूचं आहे, तेव्हा अर्थिंगला पर्याय नाही. फक्त पायाला अर्थ जोडून भागत नाही, कारण सांध्यांतला रंग वीज अडवतो. होल्डर आणि पाया, दोन्ही अर्थला जोडा. मग मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनपासून शेडपर्यंतचा रोध मोजा. १ ओहमपेक्षा कमी यायला हवं.

रंगाबाबत मत स्पष्ट आहे: मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर हात लावू नका, संग्राहकांना तोच हवा असतो. काढायचाच असेल तर पॉलिश पेपर पाण्याने ओला करून घासा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. ॲल्युमिनियमच्या शेडला कॉस्टिक सोडा चालत नाही, तो धातूच खातो. पावडर कोटिंग करणार असाल तर सांध्यांच्या पृष्ठभागांवर टेप लावून घ्या. ६०-८० मायक्रॉनचा थर तिथे बसला की सांधा फिरत नाही.

वापरात दोनच गोष्टी जाणवल्या. नवे फायबर वॉशर पहिल्या काही आठवड्यांत दबतात आणि शेडचा सांधा किंचित सैल होतो. तिथे पाव फेरा पुरतो. या वॉशरना तेल मात्र कधीच देऊ नका, त्यांची पकड जाते. दुसरी गोष्ट बल्बची. जड बुडाचा एलईडी लावला की डोकं खाली झुकतं आणि बंद शेडमध्ये त्याचं सर्किट तापून लवकर जातं. काचेचा ६ ते ८ वॉटचा फिलामेंट एलईडी हलका असतो, त्याने तोल बिघडत नाही आणि शेडही हाताने धरून वळवता येते.