शोरूमचे उतरवलेले म्हणून कापलेले टायर गळ्यात मारले

मागच्या मे महिन्यात जळगावात फसलो. असे टायर खान्देशातल्या अजून कोणाच्या गाडीला लागू नयेत म्हणून सगळं लिहितोय.

माझे जुने टायर खरंतर अजून वर्षभर गेले असते. पण मी हवा भरायचो भर दुपारी, गाडी पळवून आल्यावर. तापलेल्या टायरमधे प्रेशर तीन-चार पॉइंट जास्तच दाखवतं, मग पंपावरचा पोरगा तेवढी हवा काढून टाकायचा आणि टायर थंड झाला की हवा कमी, असं वर्षभर चाललं आणि दोन्ही कडा पार घासल्या, मधला भाग मात्र चांगला.

हायवेवरच्या एका दुकानात गेलो. तो म्हणे, "नवे कशाला घेता भो, शोरूमचे उतरवलेले देतो, लोक नव्या गाडीला लगेच अलॉयची चाकं टाकतात, हे पन्नास किलोमीटर पण चाललेले नाहीत." नव्याचा भाव साडेचार हजार, हा अडीच हजाराला. काळेकुळकुळीत, खाच खोल. चार घेतले, दहा हजार रोख, कच्ची पावती.

पंधरा दिवसांनी लग्नाला चोपड्याला निघालो आणि अडावदच्या अलीकडे मागचा टायर फुटला. स्पीड ५०-५५ होता म्हणून वाचलो. मागे आई आणि दोन्ही पोरं बसलेली. आई अजून गाडीत बसली की दरवाजाचं हॅन्डल घट्ट धरून ठेवते.

घरी आल्यावर बाकीचे तीन उतरवून साबणाने धुतले. पॉलिश निघालं, खाली बारीक चिराच चिरा. खाचेच्या तळाला रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, १.६ मिमीचे, झीज तिथपर्यंत आली की टायर बाद. इथे ते उंचवटेच कापून गेलेले, म्हणजे संपलेल्या टायरवर ब्लेडने नवी खाच पाडलेली! ट्रकच्या काही टायरला त्यासाठी जादा रबर दिलेलं असतं, कारच्या टायरला नसतं, एका जागी तर तार दिसत होती. आणि टायरच्या ज्या बाजूवर बनवल्याच्या तारखेचा नंबर असतो, ती बाजू मुद्दाम आत फिरवून बसवलेली. त्या नंबरचे शेवटचे चार आकडे २३१५, म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा.

दुकानात गेलो तर म्हणे पावतीवर टायरचा नंबर कुठेय, हे आमचेच कशावरून. पैसे गेले ते गेलेच.

म्हणून टायर गाडीला चढवायच्या आधीच ते चार आकडे वाचा, खाचेत उंचवटे आहेत का बघा, आणि नंबर टाकलेलं पक्कं बिल मागा, द्यायला कां-कूं केली तर सरळ निघून या. मी आता हवा मोजायचं गेज घेतलंय, रविवारी सकाळी गाडी हलवायच्या आधी ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर जेवढं लिहिलंय तेवढंच प्रेशर ठेवतो, आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे करून घेतो.

कापलेला एक टायर अंगणात ठेवलाय. गल्लीत कोणी टायर घ्यायला निघालं की आधी त्याला त्या खाचेत बोट घालून बघायला लावतो.