.१७७ (४.५ मिमी छऱ्याच्या) एअर रायफलचं क्लीनिंग किट : केबल ठेवा, तेलाची बाटली टाका

ऑनलाइन हजाराच्या आत मिळणाऱ्या या पेट्यांवरचं नाव बदलतं, आतला माल तोच. तीन तुकड्यांची ॲल्युमिनियमची सळई, ब्रॉन्झचा ब्रश, नायलॉनचा ब्रश, लोकरी मॉप, पॅचची, म्हणजे नळी पुसायच्या कापडी तुकड्यांची, पुडी आणि बिनलेबलची तेलाची बाटली. जरा बऱ्या पेटीत प्लॅस्टिक आवरणाची केबल, म्हणजे नळीतून ओढून काढायची पुल-थ्रू, येते. ती नसेल तर किट घेऊच नका.

मुळात ही किट्स दारूच्या बंदुकांसाठीच्या किटची नक्कल आहेत. नेमबाज स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ पदक जिंकलं, त्या ५० मीटर रायफलमध्ये पॉइंट टू टूचं (.२२) काडतूस लागतं. तिथे दारू जळते, काजळी आणि मेण साचतं, ब्रशला काम असतं. एअर रायफलमध्ये जळत काहीच नाही. साचतं ते छऱ्याचं शिसं आणि त्यावरचं वंगण, तेही थोडंच. त्यामुळे ब्रॉन्झचा ब्रश पेटीतच राहू दे. नळी पितळी असेल तर तो आतले आटे (छऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचा) खरवडतो.

सळईचं दुखणं वेगळं. तुकडे जोडल्यावर सांध्यावर बारीक पायरी राहते. नखाने चाचपली तर लागते. मऊ ॲल्युमिनियममध्ये धूळ रुतून बसते आणि सळई कानशीसारखी घासते. त्यात बहुतेक जण ती मझलकडून, म्हणजे नळीच्या तोंडाकडून, घालतात. छर्रा नळी सोडतो ती कड तिथेच असते, आणि ती एका बाजूने झिजली की नेम सरकतो.

केबल मात्र चोख काम देते. ब्रेक-बॅरल (नळी मोडून छर्रा भरायची) रायफल असेल तर आधी रिकामी असल्याची खात्री करा, ट्रिगरपासून बोट लांब ठेवा आणि कॉक न करता, म्हणजे स्प्रिंग न ताणता, नळी थोडीच उघडा. पूर्ण वेळ नळी एका हाताने घट्ट धरून ठेवा. सुटून मिटली तर बोट चेंगरतं. केबल ब्रीचकडून (नळीच्या मागच्या, छर्रा भरायच्या टोकाकडून) घालून मझलमधून बाहेर काढा, मागच्या फासात पॅच अडकवा आणि सरळ रेषेत ओढा, कडेला घासू न देता. किटमधले पॅच बऱ्याचदा .२२ च्या मापाचे निघतात आणि नळीत अडकतात. जुन्या सुती बनियनचे साधारण २ सेंमीचे चौकोन कापून बघा. हलका अडथळा जाणवला की माप बरोबर. पॅच अडकलाच तर छर्रा मारून उडवायला जाऊ नका, आला त्या वाटेने मागे ढकला. पहिला पॅच काळाकुट्ट येतो. चौथा-पाचवा फिका राखाडी आला की थांबा. पांढराशुभ्र येईपर्यंत घासण्यात अर्थ नाही. नंतर हात साबणाने धुवा, ते शिसं आहे.

सगळ्यात घातक वस्तू ती तेलाची बाटली. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टन हवा इतक्या झटक्यात दाबतो की ती प्रचंड तापते. खनिज तेलाचे दोन थेंब जरी ट्रान्सफर पोर्टमधून (पिस्टनची हवा नळीत जायच्या भोकातून) आत गेले तरी ते पेट घेतं. धूर, जळका वास, नेहमीपेक्षा मोठा आवाज, ही त्याची लक्षणं. काहींना वाटतं ताकद वाढली. प्रत्यक्षात पिस्टनचं सील आणि स्प्रिंग झिजत असते. हे तेल फारतर फडक्यावर घेऊन बाहेरच्या लोखंडावर पुसा. कोकणात पावसाळ्यात तेवढा उपयोग आहेच, पण पुसलेली रायफल फोमच्या पेटीत बंद करू नका. फोम ओल धरतो.

किटमध्ये नसलेल्या दोन गोष्टी वेगळ्या घ्या: ब्रीच सीलसाठी सिलिकॉन तेल (एक थेंब पुरे) आणि बिजागरीच्या पिनसाठी मॉलिब्डेनम ग्रीस. सिलिकॉन स्प्रिंगला लावू नका, लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते टिकत नाही. फेल्टचे (नळी पुसायचे, लोकरी नमद्याचे) छर्रे मिळाले तर तेही केबलनेच ओढा. स्प्रिंगच्या रायफलमधून ते झाडले तर इतके हलके पडतात की पिस्टनला पुढे हवेची उशीच मिळत नाही आणि तो थेट आदळतो.

साफसफाईनंतर पहिले दहा-वीस छर्रे इकडेतिकडे जातील. नळीत शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत साइटला हात लावू नका. पुढची सफाई कॅलेंडर बघून नको, ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छर्‍यांचा पुंजका, पसरायला लागला की करा. आणि त्याआधी स्टॉकचे स्क्रू तपासा, कारण बऱ्याचदा दोष नळीचा नसतो, ते ढिले झालेले असतात.