जपानी ओव्हन रेंज : लादीपावाला पास, पिझ्झाला नापास

जपानमधल्या बहुतेक स्वयंपाकघरांत ओव्हन नसतो. ओट्यावर गॅसची शेगडी आणि तिच्या पोटात मासे भाजायचा ग्रिल, बस्स. त्यामुळे तिथल्या खेड्यात राहून घरी पाव-केक करायचे तर ओव्हन रेंज, म्हणजे मायक्रोवेव्ह आणि ओव्हन एकाच यंत्रात, हाच व्यवहारी पर्याय. एका ट्रेची साधी मॉडेलं साधारण २० ते ३० हजार येनपासून मिळतात. ३० लिटरची, दोन ट्रेची, वाफेची सोय असलेली घ्यायची तर बजेट बरंच वाढवावं लागतं. दुकानात शेजारीच अगदी तशीच दिसणारी स्वस्त यंत्रं मांडलेली असतात. ती नुसती मायक्रोवेव्ह, त्यांत काही भाजता येत नाही. लेबलवर ओव्हनचं तापमान छापलेलं असेल तरच पैसे मोजा.

घर जुनं असेल तर खरेदीआधी वीज बघा. व्होल्टेज १००, आणि भाजताना यंत्र सुमारे १४०० वॉट घेतं, म्हणजे १४ अँपिअर. सॉकेटची मर्यादा १५. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, आणि त्याच लाइनवर किटली लावली तर ब्रेकर पडलाच म्हणून समजा. अर्थिंगची वायर प्लगपासून वेगळी निघते. भिंतीवर तिच्यासाठी स्क्रू नसेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा, हे काम घरच्या घरी करायचं नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं : पूर्व जपानात ५० हर्ट्झ आहे, पश्चिमेला ६०. काही जुनी यंत्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात.

आता मुख्य तक्रार. बॉक्सवर ठळक अक्षरांत २५० अंश लिहिलेलं असतं, पण अनेक मॉडेलांत ते तापमान जेमतेम पाच मिनिटं टिकतं आणि मग यंत्र आपोआप २०० ते २३० वर उतरतं. हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत सापडतं. दार उघडलं की उष्णता भसकन बाहेर जाते, कारण आतली जागा लहान आणि भिंती पातळ. म्हणून 'योनेत्सु', म्हणजे प्रीहीट, पाककृतीपेक्षा २०-३० अंशांनी जास्त ठेवा, बीप वाजल्यावरही थोडं थांबा, ट्रे आत सरकवल्यावर तापमान खाली आणा. पंखा मागे असल्यानं मागची बाजू आधी लाल होते. दोन तृतीयांश वेळ झाल्यावर ट्रे फिरवायचा, त्याआधी दार उघडायचं नाही.

याच यंत्राचं 'हाक्को' हे बटण मात्र पैसे वसूल करतं. ३०, ३५, ४० अंश असं तापमान धरून ते पीठ फुगवतं. हिवाळ्यात न तापवलेल्या स्वयंपाकघरात पारा ५ अंशांपर्यंत उतरतो, तिथे ओल्या फडक्याखाली पीठ रात्रभर ढिम्म हलत नाही.

लादीपावाचं माप : २४० ग्रॅम 'क्योरिकिको', म्हणजे जास्त प्रथिनांचं पीठ, आणि ६० ग्रॅम केकचं 'हाकुरिकिको'. नुसतं पहिलं वापरलं तर पाव चिवट होतो, नुसतं दुसरं वापरलं तर बसतो. २०० मिली दूध, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, शेवटी २५ ग्रॅम बटर. पीठ ताणल्यावर न फाटता पातळ पापुद्रा निघेपर्यंत मळा. ४० अंशांवर ४० ते ४५ मिनिटांत दुप्पट होतं. साठ-साठ ग्रॅमचे नऊ गोळे २० सेंमीच्या चौकोनी टिनमध्ये बसवा.

पंचाईत होते ती इथे : दुसऱ्यांदा फुगायलाही ओव्हन हवा आणि प्रीहीटलाही तोच. पाव पूर्ण फुगू दिले तर प्रीहीटच्या १०-१५ मिनिटांत ते जास्त फुगून कोसळतात. थंड ओट्यावर ठेवले तर सुस्तावतात. म्हणून थोडं फुगायचं बाकी असतानाच टिन काढा आणि गरम पाण्याचा कप ठेवलेल्या थर्मोकोलच्या पेटीत झाकून ठेवा. मासळीची अशी पेटी सुपरमार्केटात अनेकदा फुकट मिळते. मग १९० अंशांवर १५ ते १७ मिनिटं. छत जवळ असल्यानं वरचा भाग लवकर करपतो, तेव्हा दहाव्या मिनिटाला फॉइल टाका. ते फक्त ओव्हन मोडमध्येच. मायक्रोवेव्हवर फॉइल किंवा काळा धातूचा ट्रे राहिला तर ठिणग्या उडतात. काही मॉडेलं हाक्कोसाठीही मायक्रोवेव्ह वापरतात, त्यांत टिन चालत नाही. मॅन्युअल बघाच.

नानकटाई १६० अंशांवर छान होते, बटर तेवढं 'शोकुएन फुशियो' म्हणजे अळणी घ्या. केकचे टिन 'गो' मापात मिळतात : एक गो म्हणजे ३ सेंमी, तेव्हा १८ सेंमीसाठी सहा नंबरचा. पिझ्झा आणि नानचा मात्र नाद सोडा. तेवढी धग इथे टिकत नाही. बिडाचा तवा गॅसवर तापवून वर झाकण ठेवलं तर बरे होतात.

आणि पाव निघाल्या निघाल्या भाजी गरम करायला जाल तर यंत्र नकार देऊ शकतं. आत गरम असताना ऑटोचा सेन्सर चालत नाही. वॉट आणि मिनिटं हाताने लावा, नाहीतर दार उघडं ठेवून वाट बघा.