आकृती काढावी की हाताने चाचपावं? अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या वर्षासाठी

ठाण्याहून रोज ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळला कॉलेजला जाणाऱ्याच्या हाती अभ्यासाला जेमतेम तासभर उरतो. तो कुठे घालवायचा हे विषयाचा कोणता भाग समोर आहे त्यावर ठरवा.

हाडं, कंडरा आणि नाडी यांसाठी आमचं मत स्पष्ट आहे: आधी चाचपा. मनगटच घ्या. अंगठा मागे ताणला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो, तोच अ‍ॅनाटॉमिकल स्नफबॉक्स. करंगळीकडची कड एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस या कंडरेची. दुसऱ्या कडेला अ‍ॅबडक्टर पॉलिसिस लाँगस आणि एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिस जोडीने. पंजा करंगळीकडे झुकवला की तळाशी स्कॅफॉइड हे मनगटाचं छोटं हाड बोटाला लागतं, आणि त्यावरून जाणाऱ्या रेडियल आर्टरीचा ठोकाही. इथे दोन चुका हमखास होतात. हात सैल सोडला तर कडाच दिसत नाहीत, आणि जोरात दाबलं तर ठोका हरवतो. नाडी पाहताना अंगठा वापरू नका, स्वतःचाच ठोका लागतो.

बरगड्या मोजतानाही हातच उपयोगी. पहिली बरगडी कॉलरबोनखाली दडलेली असते, म्हणून वरून मोजू नका. छातीच्या हाडावरचा आडवा उंचवटा, म्हणजे स्टर्नल अँगल शोधा. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिथून खाली मोजा. सोबत्यावर सराव करताना आधी त्याची परवानगी घ्या, आणि मानेतली कॅरॉटिड आर्टरी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कधीही दाबू नका.

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, मात्र चाचपून समजणार नाही, तिथे पेन्सिलच हवी. ५ मुळं, ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड, ५ मुख्य शाखा. मुळांच्या नावात सी म्हणजे मानेची, टी म्हणजे छातीची पातळी: सी५-सी६ची वरची ट्रंक, सी७ची मधली, सी८-टी१ची खालची. तिन्ही मागच्या डिव्हिजन मिळून पोस्टीरियर कॉर्ड होते, एवढं पक्कं झालं की बाकीचं सोपं जातं. पुस्तक समोर ठेवून उतरवलेली आकृती फारशी लक्षात राहत नाही. पुस्तक मिटून काढा, मग दुसऱ्या रंगाने चुका दुरुस्त करा. शेडिंगवर वेळ घालवू नका. आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी एवढं पुरे.

फिजिओथेरपीवाल्यांनी चाचपण्याला जास्त वेळ द्यावा. एमबीबीएसवाल्यांना थिअरीच्या पेपरला आकृत्या आणि प्रॅक्टिकलला सर्फेस मार्किंग, म्हणजे आतल्या भागांची जागा त्वचेवर दाखवणं, दोन्ही लागतं. म्हणून लोकलच्या गर्दीत मनगट चाचपा, आणि तोच भाग घरी पोचल्यावर न बघता काढा.