‘हंटिंग नाइफ’च्या नादात 27,330 रुपये गेले

परळला आमचं मटणाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. सुरी नुसती हातात घेतली तरी पातं कसल्या लोखंडाचं ते मला कळतं, असं मी चारचौघांत सांगत आलोय. आणि मीच सुरीत गंडलो. हसायचंय त्यांनी हसून घ्या, पण जत्रांचा सीझन तोंडावर आलाय आणि त्याच जाहिराती परत फिरायला लागल्यात, म्हणून लिहितोय.

दुकानात माल देवनारहून सोलून येतो. पण चैत्रात गावाकडच्या जत्रांना बोकड सोलायची कामं आम्ही भाऊ-भाऊ घेतो, त्यासाठी नवीन सुऱ्या बघत होतो. इन्स्टावर एक व्हिडिओ आला. अमेरिकेतला शिकारी, समोर हरीण, हातात जेमतेम चार इंचाचं पातं. गड्याने धार वर केली, पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवून आतडी खाली दाबली आणि पोट छातीपर्यंत अलगद उघडलं. ज्याने बोकड सोललाय त्याला कळेल मी तिथे का थांबलो. आतडं नाहीतर मूत्राशय फुटलं की मटण वाया. या सुरीचं टोक पाठीच्या रेषेपासून खाली उतरतं, ‘ड्रॉप पॉइंट’ म्हणतात, ते आत रुतत नाही. पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड असतं, त्यामुळे मूठ हलत नाही. हत्यार कामाचंच होतं, त्यात माझं काही चुकलं नाही. तिकडे लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये हरणाची शिकार चालते. आपल्याकडे 1972चा वन्यजीव कायदा आहे, हरीण मारलं तर थेट आत. मला बोकडासाठी हवी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली सुरी कॅश ऑन डिलिव्हरी घेतली, 1,450 रुपये. आली. ‘दमास्कस स्टील’, पात्यावर लाटालाटांची नक्षी, धार बरी. म्हणून आणखी चार सांगितल्या, ‘डायरेक्ट जपानहून’, प्रत्येकी 2,900. आगाऊ 11,600 यूपीआयने दिले. आगाऊ कशाला दिले म्हणाल. अहो, पहिला माल घरी आला होता ना! कॅश ऑन डिलिव्हरीने माल आला म्हणजे दुकानदार खरा, असं कोण धरत नाही? (धरू नका.)

आणि मग ती रात्र. दुकान बंद करताना पोऱ्याने ती सुरी तारेच्या घासणीने घासली आणि नक्षी निघाली. पुसट झाली नाही, निघालीच. खऱ्या दमास्कसमध्ये दोन जातींच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून घडवलेले असतात आणि ॲसिडने ते उठून दिसतात. घासून फिके पडले तरी परत ॲसिड दिलं की येतात. पात्याच्या पाठीवरही त्या रेघा असतात. मी सुरी उलटी धरली. पाठ कोरी, घरातल्या चमच्यासारखी गुळगुळीत. ट्यूबलाइटखाली उभं राहून त्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि पोऱ्याला काय म्हणालो? ‘चौदाशेत अजून काय देणार, महागातल्या खऱ्या असतील.’ आठवलं की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. त्याच रात्री 1930ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला असता तर 11,600 वर थांबलं असतं, कदाचित अडकवूनही ठेवता आले असते. पैसे गेल्याचा नुसता वास आला तरी आधी 1930. नातेवाइकांना विचारत बसू नका.

मग ‘कस्टम ऑफिसर’चा फोन. आवाज अदबीचा, हिंदी चोख. पार्सल अडकलंय, ड्यूटी 4,780. भरली. परत फोन: पावतीवर ‘डिअर हंटिंग नाइफ’ लिहिलंय, वन विभागाची एनओसी लागेल, 9,500, नंतर परत मिळतील, नाहीतर आर्म्स ॲक्ट आणि वन्यजीव कायदा, दोन्ही लागतील. सोबत अशोकस्तंभ छापलेलं पत्र. भरले. आमच्या धंद्यात कोण ना कोण तपासणीला येतच असतं, कायद्याचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. त्यांना ते बरोबर ठाऊक असतं.

आता सगळं कळलंय. आर्म्स ॲक्टखाली परवाना लागतो तो पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर, आणि घरगुती किंवा धंद्याच्या सुऱ्या त्यातून वगळलेल्या आहेत. माझं चार इंची. वन्यजीव कायदा शिकारीवर आहे, सुरीवर नाही. कस्टमच्या खऱ्या पत्रावर 2019पासून डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. कुणाच्या खासगी यूपीआयवर सरकारी ड्यूटी जात नाही. आणि कहर म्हणजे पहिल्या पार्सलच्या लेबलवर पत्ता भिवंडीचा होता! भिवंडीहून परळला येताना कस्टम कुठे लागतं, मुलुंड नाक्यावर?

शेवटी ‘दंड’ म्हणून 22,000 मागितले तेव्हा धाकट्या भावाने फोन हिसकावला आणि त्याला आपल्या भाषेत उत्तर दिलं. नंबर बंद.

आता पुढची वरात. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, हा अनधिकृत व्यवहार नाही, भरपाईचा नियम लागू नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाण्यात. तिथले साहेब तक्रार वाचून मला विचारतात, ‘हंटिंग नाइफ कशाला पाहिजे होता?’ ‘बोकड सोलायला, साहेब.’ ‘मग हंटिंग का लिहिलंय? शिकारीला जाता काय?’ पैसे माझे गेले आणि जबाब माझाच! ‘तो चाकू घेऊन या.’ नेला. तर म्हणे, ‘हा असा पिशवीत घालून लोकलने आलात? कुणी धरलं असतं म्हणजे?’ फसवणारा भिवंडीत बसून पुढचं पार्सल बांधत असेल आणि इथे माझ्या पिशवीची चौकशी. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर त्यांनी मलाच विचारलं, विक्रेत्याचा पत्ता काय? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, छानच आहे, पण नोटीस पाठवायची कुणाला? पेजवर पत्ता, जीएसटी नंबर, तक्रार अधिकाऱ्याचं नाव, काहीच नव्हतं. तुम्ही ते पैसे देण्याआधी बघा, मी नंतर बघितलं.

एवढं करून समोरच्या खात्यात 2,310 रुपये होल्ड झालेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकील 5,000 सांगतो.

परवा तेच पेज नव्या नावाने दिसलं. शिकारी तोच, हरीण तेच, सुरी आता 1,999. स्क्रीनशॉट काढले, नवा यूपीआय आयडीही मिळवला आणि तक्रारीला जोडायला ठाण्यात गेलो. म्हणाले, ‘मोबाइलवर चालत नाही. प्रिंट आणा, रंगीत.’