तीन पायांच्या बंड्यासाठी घेतलेला उचलायचा हार्नेस: ८ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, लांबलाय. मी हा हार्नेस शोधत होते तेव्हा जे काही वाचायला मिळालं ते सगळं "मस्त आहे, डिलिव्हरी फास्ट" एवढंच, आणि ज्याच्या कुत्र्याचा पाय परवा कापायचाय त्याला डिलिव्हरी फास्ट होती हे कळून काय करायचंय.

बंड्या आमचा गावठी, ५ वर्षांचा, २२ किलो. जानेवारीत साताऱ्यात सर्व्हिस रोडला टेम्पोने उडवला. मागचा डावा पाय, गुडघ्याखाली हाडाचा चुरा आणि पंजा थंडगार. ९ दिवस ड्रेसिंग करून बघितलं पण पंजाला रक्तच पोचत नव्हतं, मग डॉक्टर म्हणाले आता थांबण्यात अर्थ नाही. मला वाटलेलं जखम गुडघ्याखाली आहे म्हणजे निदान गुडघ्यापर्यंत तरी पाय राहील, पुढेमागे नकली पाय बसवू. तसं सहसा करत नाहीत म्हणे. अर्धा ठेवला तर कुत्रा तो टेकवायला जातो, आपटून आपटून टोक सोलवटतं आणि जखम कधी भरतच नाही, म्हणून मांडीच्या बऱ्याच वरून काढतात. मग नकली पाय अडकवायला काही उरत नाही. आणि खरं सांगायचं तर आता तीन पायांवर हा जे काही पळतो ते बघून त्याची गरजही वाटत नाही.

तर ऑपरेशनची तारीख ठरली त्याच रात्री घाबरून मी हार्नेस मागवला, ३,४०० रुपये. दोन भाग येतात, एक छातीला, एक कंबरेला, पाठीवरून जोडणारा पट्टा, दोन्हीवर हँडल. मागच्या भागाला मांड्यांसाठी दोन कड्या, आतून फोम, वरून वेल्क्रो आणि बकल. दिसायला भारी, एकदम आर्मीवाला.

पहिली चूक तिथेच झाली. ऑपरेशनच्या आधी माप घेऊन मागवू नका!! एक तर ऑपरेशननंतर तो भाग सुजतो, त्यामुळे पहिले १५ दिवस बसत नाही, आणि दोन महिन्यांनी कुत्र्याचा आकारच बदलतो, उरलेल्या पायाची मांडी टणक होते, खांदे रुंद होतात, पोट आत जातं. मी बदलून मागायला गेले तर विकणाऱ्याने केस चिकटलेत म्हणून घेतला नाही. कुत्र्याच्या पट्ट्याला कुत्र्याचे केस चिकटणार नाहीत तर काय मांजराचे चिकटणार?

घरी आणला तो दिवस. डॉक्टरांनी सांगितलेलं की दुसऱ्या दिवसापर्यंत उभा राहील, माझा विश्वास नव्हता, पण पठ्ठ्या गाडीतून उतरवला तर स्वतः उभा राहिला, थरथरत, आणि लगेच गेटच्या खांबाशी जाऊन पाय वर करायला गेला आणि धपकन पडला. मी हार्नेस घेऊन धावले. मागचा भाग घालायचा म्हणजे कडी मांडीत घालायची, तिथेच टाके, माझे हात कापतायत, तो गुरगुरतोय. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं ते ठेव बाजूला, आमच्याकडं बैल बसला की पोटाखालनं पोतं घालून उठवायचो, तसं कर." आणि आतून जुनी सोलापुरी चादर घेऊन आल्या. चौपदरी घडी करून पोटाखालून घातली, दोन्ही टोकं वर एका हातात धरली, झालं. पहिले १२ दिवस, टाके निघेपर्यंत, तीच चादर. रोज धुता येते, टाक्यांना लागत नाही, कुणालाही जमते. ३,४०० रुपये खुंटीवर लटकत होते.

एकच लक्षात ठेवा, कुत्रा नर असेल तर चादर शूच्या जागेच्या पुढे धरायची, नाहीतर सगळं चादरीत. हार्नेसमध्ये तर हा प्रॉब्लेम अजून मोठा, त्याचा पोटाखालचा फोमचा पट्टा बरोब्बर तिथेच येतो. कंपनीने फोटोत कुत्री दाखवलीय, कुत्रा नाही, आता कळलं का. काही हार्नेसमध्ये नरासाठी खाच ठेवलेली असते, ती बघून घ्या.

ते १२ दिवस काय काय झालं ते थोडक्यात, कारण तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर रात्रीचे फोन वाचले असते डॉक्टरांचे. ३ दिवस शी केली नाही. वेदनेच्या औषधांनी पोट मंदावतं आणि खाल्लेलंही कमीच असतं, चौथ्या दिवशी झाली. पोटाची खालची बाजू जांभळी काळीनिळी पडली, ते आतलं रक्त हळूहळू खाली उतरतं म्हणून. सहाव्या दिवशी टाक्यांखाली मऊ फुगा आला, दूध पिशवी दाबल्यासारखा लागायचा, आत पाणी साचतं, आपोआप जिरतं, दाबायचं नाही आणि सुई तर अजिबात नाही. गरम लागला, लाल झाला, वास आला किंवा कुत्र्याने जेवण सोडलं तर मात्र लगेच दाखवायचं. आणि घरातली अंगदुखीची गोळी देऊ नका हो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. आमच्या शेजारचे काका प्रेमाने अर्धी गोळी घेऊन आले होते.

गळ्यातलं ते प्लास्टिकचं नरसाळं, त्याचा बंड्याला एवढा राग की दाराच्या चौकटीला मुद्दाम आपटायचा. मग मुलाची जुनी हाफ चड्डी उलटी घातली, शेपटीला भोक पाडून. चाटणं बंद. नरसाळं फक्त रात्री, मी झोपलेली असताना.

सगळ्यात भयंकर म्हणजे दुसऱ्या आठवड्यात रात्री गाढ झोपेतून किंचाळून उठायचा आणि वळून नसलेल्या पायाकडे बघायचा. जखम तर छान भरत होती. डॉक्टरांनी समजावलं, पाय गेला तरी मज्जातंतू मेंदूला निरोप पाठवत राहतात, माणसांनाही होतं. गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं औषध सुरू केलं, त्याने गुंगी येते आणि अजून झोकांड्या खातो, पण ५-६ दिवसांत किंचाळणं कमी झालं. हे औषध एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करत आणायचं, तेही डॉक्टरांना विचारून.

आता हार्नेसवर येते. टाके काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा नीट घातला. डावी कडी रिकामी, त्यामुळे चार पावलं टाकली की सगळा मागचा भाग फिरून डावीकडे खाली लोंबायचा. दोन्ही मांड्या असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी तो बनवलेला आहे, तीन पायांवाल्यांसाठी चालतो असं नुसतं लिहिलंय. शेवटी पोवई नाक्याजवळ बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला, त्यांनी डावी कडी दाबून शिवून टाकली, आत फोमची गादी भरली आणि पोटाच्या पट्ट्याला खाच कापून कडा दुमडून दिली. १५० रुपये. त्यानंतर तो खरा वापरण्यासारखा झाला. म्हणजे माझ्या मते काकांना ४ स्टार आणि कंपनीला अडीच.

पण वापरायचा कसा हे मला कळायला अजून एक महिना गेला. मी काय करायचे, हँडल धरून त्याचं मागचं सगळं वजन उचलून चालायचे. माझी कंबर गेली आणि तो बिचारा उरलेला पाय नुसता टेकवल्यासारखं करत होता. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर बघून हसले, म्हणाले, "तुम्ही त्याला सुटकेससारखं घेऊन फिरताय." हँडल फक्त हातात ठेवायचं, सैल, तोल गेला तरच ताणायचं. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे मागचा एक गेला तर तो निभावतो, पुढचा गेलेल्यांना जास्त अवघड. पण मागे आता एकच पाय, तो मजबूत व्हायला त्याच्यावर भार यायलाच हवा. सैल धरायला लागले आणि १० दिवसांत फरक. आता उड्या मारत चालतो, हळू चालणं त्याला जास्त जड जातं, पळायला सोपं.

एक गोष्ट मात्र हार्नेसने अजिबात सुटली नाही, ती म्हणजे फरशी. आमच्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स, मागच्या जुन्या सोप्यात शहाबादी फरशी. बंड्या शहाबादीवर ऐटीत आणि टाइल्सची रेघ आली की जागेवर दगड. एकदा घसरून उरलेला पाय बाहेर फाकला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण तो पाय गेला तर संपलंच. मग हॉलमध्ये दारापासून त्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅटचा रस्ता केला, पंजाच्या गाद्यांमधले केस कापले, नखं कापली. या मॅटचे सगळे मिळून ९०० रुपये झाले आणि हार्नेसपेक्षा जास्त उपयोग त्यांचाच झालाय. पैसे कमी असतील तर आधी मॅट घ्या. मे महिन्यात गावी दिराच्या घरी नेलेला, तिथे सारवलेलं अंगण, तिथे तर हा कोंबड्यांच्या मागे असा सुटला की दीर म्हणाले, "वहिनी, ह्याचा पाय खरंच काढलाय ना?"

उन्हाळ्यात तीन पायांनी दमतो लवकर, म्हणून सकाळी ७ च्या आत आणि रात्रीच फिरवणं. त्यात हार्नेसचा फोम गरम होतो, जांघेत लाल चट्टे आले एकदा. घालून ठेवायचा नाही, काम झालं की काढायचा. पावसात तर विचारू नका, साताऱ्याच्या पावसात तो भिजला की दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या कुत्र्याच्या वासाला ओल्या फोमचा वास. वेल्क्रोत केस अडकून जूनपर्यंत पकड निम्मी झाली, जुन्या टूथब्रशने घासलं की थोडी परत येते. बकल मात्र चांगले आहेत, एकही तुटलं नाही. शिवणही दणकट.

वजन वाढू देऊ नका हे सगळेच सांगतात, आमच्याकडे ते सासूबाईंना सांगावं लागतं. "पाय गेलाय बिचाऱ्याचा" म्हणून रोज तुपाची अर्धी पोळी गुपचूप. एप्रिलमध्ये काट्यावर २४ भरला तेव्हा गुपित फुटलं. आता २१ आहे, बरगड्या हाताला लागतात.

सध्या रोज लागतो तो फक्त पुढचा भाग, जिन्यावर आणि रिक्षात चढवताना. मागच्या भागाला जुलैपासून हात लावलेला नाही. पाय वर करायचं विचाराल तर आता नसलेला पायच वर करतो, म्हणजे मांडीचा गोळा तेवढा हलतो, आणि उजवीकडचा खांब असेल तर पूर्ण वळसा घालून येतो.

तर मागचा भाग पडून आहे, एल साईज, धुतलेला, वेल्क्रो निम्मं. साताऱ्यात किंवा कराडपर्यंत कुणाला हवा असेल तर फुकट देईन, फक्त डावी कडी शिवून टाकलीय, त्यामुळे तुमच्याही कुत्र्याचा मागचा डावाच पाय गेलेला असायला हवा. चादर मागू नका, ती सासूबाईंनी परत नेली.