सेव्हिलची ऑक्टोबर सहल : बेळगावच्या एका कंपनीच्या पॅकेजविषयी

दिवाळीची सुट्टी जोडून युरोपला जाणारी मंडळी आता बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कमी राहिलेली नाहीत; मात्र त्यांच्या गळ्यात बहुधा पाच-सहा देशांची धावती सहलच मारली जाते. शहरातील एका सहल कंपनीने ही रीत सोडून स्पेनमधील सेव्हिल या एकाच शहराची सहल आखल्याचे कळले, म्हणून ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आम्ही पती-पत्नी आणि आमच्या थोरल्या वहिनी तिच्यात सामील झालो. शहराची आणि हंगामाची निवड अचूक होती व कागदपत्रांचे काम चोख झाले. वेळापत्रक मात्र त्या शहराला न विचारता बेळगावात बसून तयार केलेले होते.

आधी हंगामाविषयी. सेव्हिल ही आंदालुसिया प्रांताची राजधानी असून जुलै-ऑगस्टमध्ये तेथील पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. ऑक्टोबरमध्ये तो पंचविशीच्या आसपास उतरतो, संध्याकाळी पातळ स्वेटर पुरतो आणि साठीच्या माणसालाही दिवसभर पायी हिंडता येते. महिनाअखेरीस पावसाची एखादी सर येऊ शकते, परंतु खानापूरचा पाऊस पाहिलेल्यांनी तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. रस्त्यांच्या दुतर्फा संत्र्याची झाडे आहेत. या दिवसांत त्यांची फळे हिरवीच असतात, आणि पिकल्यावरही ती इतकी कडू लागतात की मुरंब्याखेरीज त्यांचा फारसा उपयोग होत नाही. वहिनींनी हात लांबवला होता, त्यांना वेळीच थांबवले. चौकाचौकांत गाड्यांवर चेस्टनट भाजत असतात. चिरलेल्या सालीतून येणारा खरपूस वास लांबूनच नाकात शिरतो आणि गरम पुडी हातात घेऊन चालण्यात मजा येते.

व्हिसाच्या कामात कंपनीला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. शेतीचे उत्पन्न दाखवणाऱ्या आमच्यासारख्यांचे उतारे कन्नडमध्ये असतात. त्यांचे इंग्रजी भाषांतर, बँकेचे तपशील आणि 30,000 युरोंचे संरक्षण देणारा सक्तीचा प्रवास विमा, हे सारे कंपनीच्या कार्यालयातून वेळेत तयार होऊन आले. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई आणि तेथून आखातात विमान बदलून माद्रिद, हा प्रवास लांबचा असला तरी सुरळीत झाला. माद्रिद ते सेव्हिल ही स्पेनची पहिली अतिवेगवान रेल्वे 1992 मध्ये सुरू झाली. सुमारे 470 किलोमीटरचे अंतर ती अडीच तासांच्या आसपास कापते. माद्रिदच्या अतोचा स्थानकावर सामान तपासूनच आत सोडतात, हे टूर मॅनेजरने आधी सांगून ठेवल्यामुळे धावपळ झाली नाही.

खरी तक्रार पुढे सुरू होते. स्पेनचे घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालते आणि सेव्हिल तर पश्चिमेच्या टोकाला आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जाईपर्यंत तेथे सकाळी साडेआठच्या सुमारास उजाडते. कार्यक्रमपत्रिकेत मात्र साडेसातला न्याहारी उरकून बाहेर पडायचे होते. अंधारात, बंद दारांच्या गल्ल्यांतून सगळ्या गटाला फिरवून पुन्हा हॉटेलच्या दिवाणखान्यात आणून बसवण्याने काय साधले, हे मला समजले नाही.

याच घाईचा फटका आल्काझार राजवाड्याला बसला, आणि ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. पेद्रो पहिला या ख्रिस्ती राजाने 1364 च्या सुमारास मुस्लिम कारागिरांकडून बांधवून घेतलेल्या या महालाच्या दर्शनी भागावर निळ्या-पांढऱ्या फरशांत ‘अल्लाखेरीज विजेता नाही’ हे अरबी वचन पुन्हा पुन्हा आले आहे आणि त्याच्या भोवती राजाचे नाव सांगणारा स्पॅनिश लेख फिरवला आहे. दुकानांच्या पाट्यांवरील लिपीवरून ज्या बेळगावात वर्षानुवर्षे वाद चालू आहेत, तेथील माणसाने या भिंतीसमोर निवांत उभे राहायला हवे होते. आम्हाला छायाचित्र काढण्याएवढाच वेळ मिळाला. बागा तर ओझरत्या पाहिल्या.

कॅथेड्रलमध्ये स्थिती बरी होती. कोलंबसची चार पुतळ्यांनी खांद्यावर पेललेली शवपेटिका तेथेच आहे. शेजारचा खिराल्दा हा मनोरा मुळात मशिदीचा मिनार असून तो 1198 मध्ये पूर्ण झाला. घंटाघराचा वरचा भाग सोळाव्या शतकातला. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर 1204 चे, म्हणजे दोन्ही वास्तू जवळजवळ एकाच वयाच्या. घोड्यावरून वर जाता यावे म्हणून या मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी वळणावळणाने चढणारे 35 उतार बांधले आहेत. त्यांचाच फायदा होऊन गुडघेदुखीने त्रस्त वहिनी घंटांपर्यंत पोहोचल्या. ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी ही सोय अवश्य ध्यानात ठेवावी.

जेवणाच्या बाबतीत कंपनीने शाकाहाराची हमी दिली होती आणि ती पाळलीही. पण रोज रात्री साडेसातला एकाच भारतीय उपाहारगृहात तीच पनीरची भाजी खाऊन पाळली. तेथील स्वयंपाकघरे दुपारी चारनंतर बंद होतात व रात्री साडेआठ-नऊला पुन्हा पेटतात, तेव्हाच शहर खऱ्या अर्थाने जागे होते. एका संध्याकाळी आम्ही गटाची रजा घेऊन त्रिआना भागातील एका जुन्या ठिकाणी शिरलो. पालक आणि हरभऱ्याची जिरे-लसूण घातलेली दाट भाजी मातीच्या वाटीत आली, सोबत तळलेला पावाचा तुकडा. आपल्या पालकाच्या पातळभाजीशी इतके जवळचे नाते सांगणारा पदार्थ तेथे मिळेल असे वाटले नव्हते. वांग्याचे तळलेले काप मधासह देतात, तेही वहिनींनी आवडीने खाल्ले. मात्र साध्या दिसणाऱ्या भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून प्रत्येक ताटलीबाबत विचारूनच मागवावे. आंब्याच्या लोणच्याची बाटली आम्ही नेली होती. ती या एका जेवणात उघडावी लागली नाही.

1929 च्या प्रदर्शनासाठी उभारलेला प्लाझा दे एस्पान्या, त्यातील प्रांतवार रंगीत फरशांचे कोनाडे आणि ग्वादालकिविर नदीतील नौकाविहार हे सर्व यथास्थित झाले. त्याविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. हॉटेल सांताक्रूझ वस्तीत होते, खोल्या लहान पण स्वच्छ. त्या अरुंद गल्ल्यांत बस शिरत नसल्याने सामान थोडे ओढत न्यावे लागते. बॅग चाकांची आणि हलकी असलेली बरी.

दर थोडा चढा आहे, तरी व्हिसा व प्रवासाची व्यवस्था पाहता मी तो अवाजवी म्हणणार नाही. ज्यांना इंग्रजीत दोन शब्द बोलून स्वतः हिंडता येते, त्यांनी या कंपनीकडून व्हिसा, तिकिटे आणि हॉटेल एवढेच घ्यावे, रात्रीची जेवणे नाकारावीत आणि आल्काझारचे सकाळी साडेनऊचे तिकीट स्वतः आधी काढून ठेवावे. जेवणे वगळल्यास दरात किती सूट मिळते, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे; आम्ही विचारले तेव्हा ‘बघू’ एवढेच उत्तर आले होते.